पाठ लागल्यावर सुरू होणारी कुस्ती: नव्वदच्या दशकातल्या ऑल जपानच्या लढतींवर कसं लिहावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑल जपान या जपानी प्रो रेसलिंग संस्थेतली ३ जून १९९४ ची मिसावा विरुद्ध कावादा ही लढत जगातल्या सर्वोत्तम लढतींपैकी एक, असं जिथेतिथे वाचलंत, म्हणून रात्री जागून ती पाहिलीत. पहिली पंधरा मिनिटं संथ वाटली, शेवटची दहा अंगावर आली, मधलं फारसं हाती लागलं नाही. निकाल आधीच ठरलेला असतो, हेही मनातून जात नव्हतं. तरी या जुन्या जपानी सामन्यांवर मराठीत परीक्षणं लिहायची तुमची इच्छा आहे. सुरुवात कुठून करायची, निकष कोणते धरायचे, तारे द्यायचे का, असं तुम्ही विचारलंत.

मी पंचवीस वर्षं हे सामने पाहतोय. आधी टपालाने आलेल्या व्हिडिओ कॅसेटवर पाहिले, मग डिस्कवर, आता संगणकावर. वह्या भरून टिपणं आहेत. त्यावरून एकच गोष्ट ठामपणे सांगतो: ती लढत तुम्हाला कळली नाही, कारण ज्या लोकांसाठी ती झाली त्यांना जे माहीत होतं ते तुम्हाला माहीत नव्हतं. टोकियोच्या निप्पॉन बुदोकानमध्ये त्या संध्याकाळी बसलेल्या माणसांनी आधीची चार वर्षं पाहिलेली होती. परीक्षण लिहिणाऱ्याचं पहिलं काम ती चार वर्षं स्वतःच्या डोक्यात भरून घेणं. दुसरं काम, ती वाचकाला मोजक्या शब्दांत देणं. डावपेचांचं वर्णन त्यानंतर येतं.

आधी आपल्या डोळ्यांबद्दल बोलू, कारण आपण मराठी माणसं कुस्तीचा डोळा घेऊनच हे पाहायला बसतो. माझं लहानपण तालमीशेजारच्या घरात गेलं, त्यामुळे हा डोळा मलाही फार वर्षं आडवा आला. आपल्याकडे पाठ लागली की कुस्ती संपते. खाली गेलेला पैलवान पोटावर पसरून मातीला चिकटतो, वरचा घिस्सा घालून त्याला उलटवायला बघतो, आणि सगळी विद्या ती पाठ वाचवण्यात खर्च होते. जपानी प्रो रेसलिंगमध्ये, ज्याला तिथले लोक पुरोरेसू म्हणतात, खांदे टेकले की पंच हात आपटत तीनपर्यंत मोजतो. तिसऱ्या थापेच्या आत खांदा उचलला, तर लढत चालू. म्हणजे आपल्याकडे जिथे शेवट होतो, तिथे त्यांच्याकडे प्रश्न विचारला जातो: आता उठतो का? त्यामुळे तिथली मूळ विद्या पडण्याची आहे. तिला उकेमी म्हणतात. ज्युदोत शिकवतात तीच, फक्त इथे उंचावरून आणि वेगात. नवख्या पोराला आधी महिनोन्‌महिने पडायलाच शिकवतात. पाहताना नजर मारणाऱ्याकडे जाते, ती मुद्दाम वळवून पडणाऱ्याकडे न्या. तो किती वेळ पडून राहतो, उठताना आधी कशाचा आधार घेतो, मार कुठे लागल्याचं पुढच्या दहा मिनिटांत लक्षात ठेवतो की विसरतो, हे पाहा. माझी अर्धी टिपणं याचीच असतात.

आता ठरलेल्या निकालाचं. नुरा कुस्तीचा आपल्याला राग येतो, आणि तो रास्त आहे, कारण तिथे खऱ्या लढतीचं तिकीट घेतलेल्या माणसाला फसवलेलं असतं. नव्वदच्या दशकातला बुदोकानचा प्रेक्षक फसलेला नव्हता. कोकणात दशावताराला बसलेल्या माणसाला राक्षस मरणार हे ठाऊक असतं, तरी तो पहाट होईपर्यंत हलत नाही. ठरलेलं असतं ते कोण जिंकणार एवढंच. कोपराचा फटका कानशिलावर बसतो तो बसतोच. ३ जूनच्या लढतीत मिसावाच्या कानातून रक्त आलेलं तुम्ही पाहिलंतच. माझ्यापुरतं सांगायचं तर, परीक्षणात मी 'खरं की खोटं' हा मुद्दा घेत नाही. माझा प्रश्न असतो तो असा: इथपर्यंत ज्या रीतीने आणलं, त्या रीतीने हा निकाल पटला का?

मागची गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं सगळं अधांतरी राहील.

युद्धानंतरच्या जपानमध्ये हा खेळ रुजवला रिकिदोझानने. तो मूळचा कोरियातला, सुमो सोडून आलेला. १९५४ साली त्याच्या लढती पाहायला रस्त्यावर लावलेल्या दूरचित्रवाणी संचांसमोर गर्दी उसळत असे. डिसेंबर १९६३ मध्ये चाकूच्या जखमेतून तो गेला. त्याचे दोन शिष्य, शोहेई बाबा आणि अँतोनियो इनोकी, ३० सप्टेंबर १९६० या एकाच दिवशी पहिल्यांदा रिंगणात उतरले होते. १९७२ साली दोघांनी वेगवेगळ्या संस्था काढल्या. इनोकीची न्यू जपान, आणि बाबाची ऑल जपान. हा बाबा म्हणजे जायंट बाबा, आधी योमिउरी जायंट्सकडून बेसबॉल खेळलेला, दोन मीटरच्या वर उंचीचा.

ऐंशीच्या दशकात ऑल जपानच्या मोठमोठ्या लढतींचा शेवट दोघंही रिंगबाहेर मोजले गेले, असा व्हायचा. कुणाचीच इज्जत जात नसे आणि प्रेक्षक हिरमुसून घरी जात. त्या दशकाच्या अखेरीस बाबाने ते बंद केलं. आपल्या भाषेत सांगायचं तर निकाली कुस्त्या सुरू केल्या. हा बदल कागदावर छोटा दिसतो, पण पुढच्या दहा वर्षांची सगळी इमारत त्यावर उभी आहे. पळवाट उरली नाही म्हटल्यावर कोणी कोणाला चीत केलं आणि कोणी अजून केलेलं नाही, याचा हिशेब प्रत्येक प्रेक्षक डोक्यात ठेवू लागला. ऑल जपानचं परीक्षण लिहायचं तर तो हिशेब तुमच्याही वहीत हवा.

संस्थेचा सर्वांत मोठा मल्ल होता जंबो त्सुरुता. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ग्रीको-रोमन कुस्ती खेळलेला, आणि १९८९ मध्ये तिन्ही मोठे किताब एकत्र करून झालेल्या ट्रिपल क्राउनचा पहिला मानकरी. त्याचा हुकमी डाव बॅकड्रॉप. मागून कंबर धरायची, समोरच्याला उचलायचं आणि स्वतः मागे झोकून देत त्याला खांद्यांवर आदळायचं. हा डाव त्याने अमेरिकन लू थेझकडून घेतला. १९६८ साली मुंबईत दारासिंगांनी ज्याला हरवलं तोच हा थेझ. तुमच्या घरी कुणी आजोबा ती कुस्ती आठवणारे असतील, तर त्यांना हे जरूर सांगा.

१९९० च्या वसंतात त्सुरुताचा तोलामोलाचा प्रतिस्पर्धी तेनर्यू हा ऑल जपान सोडून गेला. जोड उरली नाही. त्या वेळी मित्सुहारू मिसावा नावाचा सत्तावीस वर्षांचा मल्ल टायगर मास्क म्हणून मुखवटा घालून लढत होता. १४ मे १९९० ला चालू सामन्यात त्याने आपला जोडीदार तोशिआकी कावादा याला मुखवट्याची दोरी सोडायला सांगितली, मुखवटा प्रेक्षकांत भिरकावला आणि स्वतःच्या चेहऱ्याने लढला. कावादा हा त्याच्याच शाळेच्या कुस्ती संघातला, एक वर्षाने धाकटा. मुखवट्याची गाठ कावादाने सोडली, हे लिहून ठेवा. चार वर्षांनंतर तुम्ही पाहिलेल्या लढतीत हेच दोघे समोरासमोर आहेत.

मग ८ जून १९९०, बुदोकान, मिसावा विरुद्ध त्सुरुता. तुमची सुरुवात इथून व्हायला हवी. लढत चोवीस मिनिटांची आहे आणि मागचं काही माहीत नसलं तरी कळते, कारण तिचा प्रश्न कोणत्याही तालमीतल्या पोराला कळेल असा आहे: वस्तादाला हात लावायची हिंमत याच्यात आहे का? सुरुवातीला त्सुरुता याला मोजतच नाही. मग एक कोपर जरा जास्त लागतं आणि त्याचा चेहरा बदलतो. तो चेहरा बदलण्याचा क्षण मी किती वेळा पाहिला असेन, सांगता येत नाही. शेवटाला त्सुरुता कंबर धरून बॅकड्रॉपला उचलतो, मिसावा हवेत अंग वळवून त्याच्यावरच पडतो, उलटापालट होते, आणि पंचाचा हात तिसऱ्यांदा खाली येतो तेव्हा वर मिसावा असतो. त्याने त्सुरुताला ताकदीने पाडलं नाही, निसटून वर आला. हे कथनातलं मोठं शहाणपण आहे. कारण १ सप्टेंबरला दोघे पुन्हा भिडले आणि त्सुरुताने त्याला त्याच बॅकड्रॉपने चीत केलं. जून महिन्यातला विजय खरा, पण अपुरा. पुरा व्हायला १९९२ चा ऑगस्ट उजाडावा लागला, आणि तेव्हा समोर किताब धरून अमेरिकन मल्ल स्टॅन हॅन्सन होता. त्याच वर्षाच्या अखेरीस त्सुरुता यकृताच्या आजाराने मोठ्या लढतींतून कायमचा बाजूला झाला. मिसावाने त्याला किताबासाठी कधीच हरवलं नाही. ही रुखरुख त्या काळच्या प्रेक्षकांत होती आणि मिसावाच्या पुढच्या प्रत्येक लढतीखाली ती वाहते.

आता तुमच्या ३ जूनकडे परत या. कावादा मधल्या काळात मिसावाची बाजू सोडून अकिरा ताउएसोबत गेला होता. किताबासाठी तो मिसावाला दोनदा भिडला, ऑक्टोबर १९९२ मध्ये आणि जुलै १९९३ मध्ये, आणि दोन्ही वेळा हरला. एप्रिल १९९४ मध्ये चॅम्पियन कार्निव्हल ही ऑल जपानची दर वर्षीची साखळी स्पर्धा जिंकून तो तिसऱ्यांदा हक्काने आला. शाळेपासून एक पाऊल मागे राहिलेला धाकटा. पुढे त्याच्याकडून हरायला कुणी आपखुशीने तयार नाही, आणि मागे जायला त्याला जागा नाही. हे डोक्यात ठेवून पहिली पंधरा मिनिटं पुन्हा पाहा. तुम्हाला संथ वाटलं, कारण दोघं एकमेकांना इतकं ओळखतात की एकाही डावाला सहज जागा मिळत नाही. मिसावाचं कोपर, कावादाची लाथ, दोन्ही शस्त्रं पहिल्या काही मिनिटांतच बाहेर येतात आणि दोन्ही अडवली जातात. प्रत्येक अडवणूक म्हणजे आधीच्या एखाद्या पराभवातून शिकलेला धडा आहे.

शेवट पाहा. मिसावाचा नेहमीचा टायगर ड्रायव्हर म्हणजे समोरच्याचे दोन्ही हात पाठीमागे अडकवून उचलायचं आणि पाठीवर आपटायचं. कावादा त्यातून सुटतो. तेव्हा मिसावा त्याच डावाचं १९९१ चं रूप काढतो. त्यात हात अडकलेलेच राहतात आणि समोरचा मानेवर येतो, पडायची विद्या वापरायला हातच मोकळे नसतात. हा डाव त्याने वर्षानुवर्षं जवळजवळ काढलाच नव्हता. तो दिसताच बुदोकानमधला आवाज बदलतो. ओरडण्याचं रूपांतर श्वास ओढल्यासारख्या कशात तरी होतं. पस्तीस मिनिटं पन्नास सेकंद. कावादासाठी तो डाव काढावा लागला, हीच कावादाची मोठी मिळकत, आणि त्यासाठी त्याने दिलेली किंमतही तीच. तुमच्या परीक्षणात हे एक वाक्य आलं तर बाकी पंधरा डाव राहून गेले तरी चालतील.

आवाजाचा विषय निघालाच आहे, तर माझी पद्धत सांगतो. प्रत्येक लढत मी तीनदा घेतो. पहिल्यांदा वही न घेता सलग पाहतो. दुसऱ्यांदा पडदा झाकून फक्त ऐकतो. तिसऱ्यांदा थांबवत, टिपत पाहतो. मधली फेरी लोकांना विचित्र वाटते, पण मला सर्वांत जास्त तीच शिकवते. समालोचकाचं जपानी कळलं नाही तरी बिघडत नाही. नावाचा घोष कधी सुरू होतो, कोणाच्या बाजूने, मधेच तो दुसऱ्याकडे वळतो का, लोक पाय आपटायला कधी लागतात, पंचाबरोबर मोजताना त्यांचा आवाज 'दोन'वर फुटतो की 'तीन'वर, हे कानांना नीट कळतं. याचा सराव करायला २५ मे १९९२ ची सेंदाईची जोडी लढत घ्या: कोबाशी आणि किकुची विरुद्ध अमेरिकन फर्नास आणि कॅनडाचा लाफॉन. किकुची त्याच भागातला, अंगाने लहान, मार खाण्यात कायम पुढे. त्याला प्रत्येक वेळी खाली आपटल्यावर ते सभागृह जे करतं, ते ऐकून माझ्या अंगावर आजही काटा येतो. कुस्तीच्या फडात हलगीचा ठेका जसा लढत तापल्याचं सांगतो, तसं इथे लोकांचे पाय सांगतात.

ऐकण्याचा दुसरा उपयोग व्यावहारिक आहे आणि तो फार थोडे लोक करतात. जपानमध्ये दर पाच मिनिटांनी निवेदक किती वेळ झाला ते पुकारतो. 'गो-फुन केइका' म्हणजे पाच मिनिटं झाली, 'जुप्पुन केइका' म्हणजे दहा. ही हाक आली की घड्याळ पाहा. चित्रफितीत तेरा मिनिटं झाली असताना 'वीस मिनिटं'ची हाक ऐकू आली, तर मधली सात मिनिटं कापलेली आहेत. ऑल जपानचा दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम १९९४ पासून अर्ध्या तासाचा झाला होता आणि रात्री उशिरा लागायचा. चाळीस मिनिटांची लढत त्यात मावणारच कशी? फिरत असलेल्या कित्येक प्रती अशा कापलेल्या आहेत. सुरुवातीच्या वर्षांत मी एका जोडी लढतीवर लिहिताना, दुखऱ्या गुडघ्याचं सूत्र मल्ल मधेच विसरले म्हणून त्यांना धारेवर धरलं होतं. दोन वर्षांनी पूर्ण प्रत मिळाली. गुडघ्याचा सगळा भाग कापलेल्या सहा मिनिटांत होता. त्या दोघांवर मी अन्याय केला होता, आणि तो मजकूर तोवर बऱ्याच जणांनी वाचला होता. तेव्हापासून कोणती प्रत पाहिली, किती मिनिटांची, पूर्ण की कापलेली, हे मी परीक्षणाच्या पहिल्या ओळीत लिहितो. तुम्हीही लिहा.

आता मला सर्वांत प्रिय असलेल्या लढतीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण 'प्रेक्षकांना काय माहीत होतं' याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही. ९ जून १९९५, बुदोकान, मिसावा आणि कोबाशी विरुद्ध कावादा आणि ताउए, जोडीचा किताब. प्रेक्षक काय घेऊन आले होते? त्याच एप्रिलमध्ये कावादाच्या लाथेने मिसावाच्या डोळ्याखालचं हाड मोडलं होतं, आणि तशाच अवस्थेत मिसावाने कार्निव्हल जिंकला होता. कोबाशीच्या पायाला पट्ट्या बांधलेल्या होत्या. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कावादाने मिसावाला तोवर एकदाही चीत केलेलं नव्हतं. एकेरीत नाही, जोडीत नाही. मुखवट्याची गाठ सोडल्याला पाच वर्षं झाली होती.

कावादा आणि ताउए दोघांना वेगळं काढतात. कोबाशीचा पाय जातो, आणि मिसावा दोघांच्या मधे एकटा सापडतो. तेव्हा कोबाशी सरपटत येतो आणि मिसावाच्या अंगावर स्वतः आडवा पडतो. उठून मारायची ताकद नाही, ढकलायची नाही, म्हणून स्वतःचं शरीर मधे घालतो. त्याला ओढून काढतात, मारतात, आणि तो पुन्हा तिथेच येतो. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा या मल्लांबद्दल मला काही माहीत नव्हतं आणि ते भाबडं वाटलं होतं. कोबाशी म्हणजे कारकिर्दीच्या सुरुवातीला लढतीमागून लढत हरलेला, ऑल जपानने आधी नाकारलेला मुलगा, हे कळल्यानंतर पुन्हा पाहिलं. ज्याच्याकडे देण्यासारखं फक्त मार सहन करणं आहे, तो तेच देतोय. बेचाळीस मिनिटांनंतर कावादाचा पॉवरबॉम्ब, म्हणजे उचलून पाठीवर आपटण्याचा डाव, लागतो, पंचाचा हात तिसऱ्यांदा पडतो, आणि मिसावा चीत असतो. त्या क्षणी कावादाकडे पाहा. तो नाचत नाही. पाच वर्षं मागितलेली गोष्ट मिळाल्यावर माणूस थोडा रिकामा होतो, तसा दिसतो. एकेरीत मिसावाला हरवायला त्याला आणखी दोन वर्षं लागली, १९९७ च्या कार्निव्हलपर्यंत. आणि एकेरी किताब त्याच्याकडून घ्यायला आणखी एक, १ मे १९९८, टोकियो डोम.

प्रेक्षक म्हणताना ते कुठल्या गावचे, कुठल्या आठवड्यातले, हेही पाहावं लागतं. १९ जानेवारी १९९५ ला ओसाकात कावादा आणि कोबाशी साठ मिनिटं लढून बरोबरीत सुटले. बरेच परीक्षक 'लांबली' असं लिहून मोकळे होतात. ती तारीख पाहा. १७ जानेवारीच्या पहाटे शेजारच्या कोबेला भूकंपाने उद्ध्वस्त केलं होतं. अवघ्या दोन दिवसांनी, रस्ते आणि रेल्वे विस्कळीत असताना, ही माणसं सभागृहात येऊन बसली होती, आणि समोर दोन मल्ल एक तास पडून पुन्हा पुन्हा उठत होते. हे ठाऊक झाल्यावर मला ती लढत मिनिटांत मोजता येत नाही.

तुमच्या लिहिण्याकडे येतो. डाव क्रमाने लिहीत गेलात तर परीक्षणाचा पंचनामा होतो: कावादाने लाथ मारली, मिसावाने कोपर मारलं, दोन मोजून झाले. वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. एक लढत घ्या, तिचा प्रश्न एका ओळीत लिहा, मग त्या प्रश्नाचं पारडं जिथे हललं असे तीन किंवा चार क्षण निवडा आणि तेवढ्यांवरच जीव ओता. शब्द शक्य तिथे आपले वापरा. पकड, कैची, जोड, चीत, बरोबरी, निकाली हे शब्द चपखल बसतात. मात्र बॅकड्रॉप किंवा पॉवरबॉम्ब यांना ओढूनताणून धोबीपछाड म्हणू नका, तो वेगळा डाव आहे आणि जाणकार वाचक तिथेच तुमच्यावरचा विश्वास गमावतो.

तारे देऊ नका, निदान पहिली दोन वर्षं तरी. अमेरिकन पत्रकार डेव्ह मेल्टझर याने पाच ताऱ्यांची पद्धत लोकप्रिय केली आणि ३ जूनच्या लढतीला त्याने पाच तारे दिले. त्याच्या कामाबद्दल मला आदर आहे. त्याच्यामुळेच इंग्रजी वाचणाऱ्या अर्ध्या जगाला मिसावा कळला. पण तुमचंच बघा: पाच तारे वाचून तुम्ही थेट शिखरावर उतरलात आणि चढण राहून गेली. आकडा दिला की वाचक आकड्याशीच भांडतो.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने सांगायची आहे. १३ जून २००९ ला हिरोशिमात एका जोडी लढतीत मिसावा एक साधा बॅकड्रॉप खाऊन पडला आणि उठला नाही. मानेच्या मज्जारज्जूला इजा झाली होती. सत्तेचाळिसावा वाढदिवस पाच दिवसांवर होता. आयुष्यात त्याने तसे हजारो बॅकड्रॉप खाल्ले असतील, पडण्याच्या विद्येत त्याची बरोबरी करणारा त्या पिढीत कुणी नव्हता, आणि मान वर्षानुवर्षं झिजत आली होती. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात हे मल्ल दर वर्षी आधीपेक्षा जास्त उंचावरून, जास्त मानेवर पडू लागले, कारण प्रेक्षकांच्या आठवणीच्या वर चढायला दुसरी पायरी उरली नव्हती. १ मार्च २००३ ला, कावादा सोडून ते बहुतेक सगळे नव्या नोआ संस्थेत गेल्यावर, मिसावाने कोबाशीला उंच प्रवेशमार्गावरून खाली जमिनीवर टायगर सुप्लेक्स, म्हणजे मागून दोन्ही हात अडकवून मागे फेकण्याचा डाव, मारला. ती लढत मी तेव्हा भारावून जाऊन लिहिली होती. आज तो मजकूर मी तसा लिहिणार नाही. डाव महत्त्वाचा असेल तर वर्णन करतो, पण 'किती वेळा डोक्यावर पडला' हे गुण म्हणून मोजणं मी २००९ नंतर सोडलं. १९९० ची ती चोवीस मिनिटं मला अधिकाधिक मोठी वाटत गेली, याचं एक कारण हेही आहे. तिथे सगळं चेहऱ्यांतून आणि अंतरातून घडतं, मानेवर फार थोडं येतं.

बाकीच्या वाटांबद्दल थोडक्यात. इनोकीच्या न्यू जपानकडे तुम्ही जालच, आणि आपल्याकडचे वाचक आधी विचारतील ते १२ डिसेंबर १९७६ च्या कराचीबद्दल. गामांच्या पुतण्याशी, अक्रम पैलवानाशी इनोकी तिथे भिडला, लढत खऱ्या झुंजीवर गेली, आणि अक्रमने हार न मानल्यामुळे त्याचा हात निकामी झाला. ती परीक्षणाची नव्हे, इतिहासाची सामग्री आहे. तिच्यावर स्वतंत्र लिहा. वेगाचं वेड असेल तर २३ एप्रिल १९८१ ची पहिल्या टायगर मास्कची, म्हणजे मिसावाच्या आधी तो मुखवटा घालणाऱ्या मल्लाची, डायनामाइट किडविरुद्धची लढत पाहा. आणि स्त्रियांच्या ऑल जपान विमेन्स संस्थेकडे दुर्लक्ष करू नका. चिगुसा नागायो आणि डंप मात्सुमोतो यांची १९८५ ची केस कापण्याच्या पैजेची लढत शाळकरी मुलींच्या किंकाळ्यांत झाली. प्रेक्षक कसा ऐकावा हे शिकायला ती सेंदाईइतकीच मोलाची आहे.

सध्या मात्र ८ जून आणि १ सप्टेंबर १९९०, या दोनच घ्या. महिनाभर घ्या. पहिलीत त्सुरुताचा चेहरा कितव्या मिनिटाला बदलतो ते टिपून ठेवा, आणि दुसरीत तो चेहरा घेऊनच तो रिंगणात येतो का, ते पाहा. दीड पान लिहा, प्रतीची लांबी वर घाला, तारे न देता पाठवा. मी वाचून, माझ्या वहीतली त्याच दोन लढतींची टिपणं समोर ठेवून, तुम्हाला सविस्तर कळवीन.